उल्काबाईंची सही

“अजून किती वेळ बसायचं?” साहेबांनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

“येईल तेव्हा येईल,” माझी बायको म्हणाली. “बोलावून येत नाही ते.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं, पण सरकारी नोकरीत एकोणतीस वर्षं काढली की माणूस वेळप्रसंगी कुठेही बघायला शिकतो.

संध्याकाळचे पावणेसहा होत आले होते. आमच्या केंद्राची ती एकच खोली. एका भिंतीला यंत्राचं कपाट, त्याच्यासमोर टेबल, टेबलावर प्रिंटर आणि प्रिंटरसमोर ती. ती ऑपरेटर आणि मी मिस्त्री. एरियलच्या तारा, बॅटऱ्या, जनरेटर, गळकं छप्पर हे सगळं माझ्याकडे. घरी ती मला ‘अहो’ म्हणायची आणि ड्यूटीवर ‘मिस्त्री’. तिला मात्र अख्खं गाव उल्काबाई म्हणत असे. पोस्टमननेसुद्धा एकदा या नावाने पत्र आणून दिलं होतं आणि तिने सही करून ते घेतलंही होतं.

नाव कामावरून पडलं होतं. आकाशातून रोज कोट्यवधी कण पडत असतात, बहुतेक वाळूच्या दाण्याएवढे. वर शंभर किलोमीटरवर ते जळून जातात आणि जाताना मागे एक रेघ सोडतात. दिवस असो, ढग असोत, आपल्याला ती दिसो न दिसो, रेघ असतेच. आमचं यंत्र आकाशाकडे सतत एक हाक मारत राहायचं. योग्य जागी रेघ उमटली की ती हाक तिच्यावर आपटून डोंगररांगेच्या पलीकडे उतरायची आणि पलीकडचं यंत्र त्याच रेघेवरून उत्तर धाडायचं. रेघ टिकणार अर्धा सेकंद, फार तर एक. तेवढ्यात काय बोलायचं ते बोलून घ्यायचं आणि मग पुढच्या रेघेची वाट बघायची.

पलीकडे आमची आठ ठिकाणं होती. सात ठिकाणी नदीचं पाणी आणि डोंगरावरचं बर्फ मोजणारी यंत्रं होती, माणूस कोणी नाही. आठवं ठिकाण म्हणजे घाटमाथ्यावरची रस्त्याची चौकी. तिथे मुकादम आणि त्याची सहा माणसं राहायची. मुख्य कार्यालयातून आलेल्या साहेबांनी परीक्षा म्हणून त्याच चौकीला प्रश्न पाठवायला लावला होता, आज बर्फ किती. पंधरा मिनिटांत उत्तर आलं पाहिजे, अशी अट.

“पंधरा मिनिटं,” साहेब म्हणाले. “नवं उपग्रहाचं यंत्र तीन सेकंदांत उत्तर देतं.”

“देत असेल. चांगलंच आहे ते.” ती प्रिंटरवरची नजर न हलवता म्हणाली. “साहेब, तुम्ही स्कूटर चालवली आहे?”

“चालवली आहे. का?”

“चिलटं तोंडावर बसतात की पाठीवर?”

“तोंडावर.”

“पृथ्वीचंही तेच. सकाळी आपण तिच्या तोंडाच्या बाजूला असतो, संध्याकाळी पाठीच्या. सकाळी सहाला या खोलीत प्रिंटरला दम खायला फुरसत नसते. संध्याकाळी सहाला मी स्वेटर विणते. म्हणून मी तुम्हाला तीन पत्रं लिहिली होती, सकाळी सहाला या म्हणून.”

“सकाळी सहाला?” साहेब हसले. “मॅडम, मी पण माणूस आहे.”

साहेब दुष्ट नव्हते. मी पुष्कळ साहेब पाहिले आहेत, त्यांत हे बरे होते. त्यांनी मला बसायला सांगितलं होतं, माझ्याच खुर्चीवर का होईना. पंधरा मिनिटं झाली. त्यांनी आणखी एक मिनिट वाट पाहिली, उपकार म्हणून, आणि बॅगेतून छापील फॉर्म काढला. वरच्या चौकटीत लिहिलं, ‘नादुरुस्त’. खाली मजकूर लिहिला की चाचणीत यंत्रणा प्रतिसाद देऊ शकली नाही, सबब मोडीत काढण्यास हरकत नाही. त्याखाली दोन सह्यांच्या जागा होत्या. एक मिस्त्रीची, एक ऑपरेटरची.

फॉर्म आधी माझ्यासमोर आला.

मी सही केली. सांगायला लाज वाटते, पण पेन माझं नव्हतं, साहेबांचं होतं, आणि ते इतकं गुळगुळीत चाललं की सही झाल्यावर मला कळलं.

मग फॉर्म तिच्यासमोर गेला. तिने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. वाचता वाचता तिच्या मानेवरची शीर उडायला लागली. ती शीर मी ओळखतो.

“हे खोटं आहे,” ती म्हणाली.

“मॅडम, फॉर्मॅलिटी आहे.”

“यंत्र चालू आहे.”

“मॅडम, ऐका.” साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि घरच्या माणसासारखे बोलायला लागले. “चालू यंत्रणा बंद करायची तर समिती नेमावी लागते, पाहणी करावी लागते, दहा टेबलांवर फाईल फिरवावी लागते. नादुरुस्त असेल तर हा एक कागद पुरतो. बंद तर होणारच आहे. तुमची अडीच-तीन वर्षं राहिली आहेत. सही करा, दोघांची बदली एकाच गावी करून देतो. तुमची मुलगी शहरात असते ना? तिथेच बघतो.”

“आणि नाही केली तर?”

“तर ऑपरेटरने सहकार्य केलं नाही असं मला लिहावं लागेल. मग बदल्या काय माझ्या हातात राहत नाहीत. एक इकडे, एक तिकडे, असं होतं कधी कधी.”

“मग नेमा समिती,” ती म्हणाली आणि फॉर्म परत सरकवला.

साहेब उठले. “विश्रामगृहावर आहे मी. उद्या दहाला निघेन. रात्रभर विचार करा.”

त्यांच्यामागे मी दारापर्यंत गेलो. साहेब पायऱ्या उतरले, जीपचं दार उघडलं, आत बसून मफलर नीट करायला लागले. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे प्रिंटर खडखडला.

मी वळून पाहिलं. तिने कागद फाडून हातात धरला होता. ‘सुखरूप. बर्फ चार फूट. घाट बंद.’ वेळ पाच एकोणसाठ.

जीप अजून सुरू झाली नव्हती. काचसुद्धा खाली होती. “साहेब, आलं!” एवढे दोनच शब्द मला ओरडायचे होते. मी तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती. जीपचं इंजिन सुरू झालं, जीप वळली, फाटकातून गेली, आणि मी तोंड मिटलं.

तिने कागद नोंदवहीत चिकटवला, वेळ लिहिली आणि डिंकाच्या बाटलीला बूच लावलं.

आमचं क्वार्टर केंद्राच्या मागेच होतं, चाळीस पावलांवर. त्या संध्याकाळी ती चाळीस पावलं फार लांबली. घरात आल्यावर तिने भाजी चिरायला घेतली. सुरीचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

“हे बघ,” मी सुरुवात केली. “बंदच होणार आहे ते. कागदावर काय लिहिलंय त्याने काय फरक पडतो?”

“बंद करा ना! मी कुठे नाही म्हणतेय?” ती सुरीसकट माझ्याकडे वळली. “उपग्रह यावा. चौकीवरच्या माणसांना तीन सेकंदांत बोलता येत असेल तर मला काय वाईट वाटतंय का? मी स्वतः बटण बंद करीन. पण मोडलं म्हणून बंद केलं असं नाही लिहायचं. एकतीस वर्षं मी काय मोडक्या यंत्रासमोर बसले होते?”

“त्याला काय कळतंय? यंत्र आहे ते.”

“मला कळतंय ना!” ती परत भाजीकडे वळली. मग पाठ तशीच ठेवून म्हणाली, “आणि तुम्ही सही केलीत. त्यातली एकेक तार तुम्ही जोडलीय. वादळात एरियलवर चढून तुम्ही बरगडी मोडून घेतलीत. तुम्हीच त्याला मोडकं म्हटलंत.”

मी म्हणालो, “पोरीने आपल्यासाठी खोली रिकामी केलीय.”

“आणि हो, तो ‘नादुरुस्त’ शब्द सगळ्यात वर लिहिलाय. खालचा मजकूर कोणी वाचत नाही. पहिला शब्द तेवढा माणसाच्या हातात उरतो. हे मला कोणी शिकवायला नको.”

ती कशाबद्दल बोलते आहे ते मला बरोबर कळलं. या घरात त्या गोष्टीचं नाव कोणी काढत नसे.

बावीस वर्षांपूर्वी दरड कोसळून घाटाचा रस्ता आणि टेलिफोनच्या तारा दोन्ही गेल्या होत्या. वर चौकीत मुकादम अडकलेला आणि खाली दवाखान्यात त्याची बायको अडलेली. दवाखान्यातून निरोप आला तो आमच्या हिने चौकीला पाठवायला घेतला. ‘बायकोचं ऑपरेशन झालं. मुलगी. दोघी सुखरूप.’ सरळ, जसं आलं तसं. पहिल्या रेघेवर गेले दोनच शब्द, ‘बायकोचं ऑपरेशन’. रेघ विझली. आणि त्यानंतर चाळीस मिनिटं आकाशात काहीही नाही. बाकीचा निरोप यंत्रात तसाच पडून होता आणि ही प्रिंटरसमोर मुठी आवळून बसली होती. तिकडे मुकादम ते दोन शब्द हातात घेऊन बर्फात पायी निघाला. माणसांनी तीन मैलांवरून त्याला उचलून आणलं. पायाची दोन बोटं गेली.

मुकादमाने कधी दोष दिला नाही. मुलीला घेऊन भेटायलाही येऊन गेला, लंगडत. पण ही त्या दिवसानंतर बदलली. तिने माणसांच्या निरोपांसाठी स्वतःचा नियम केला. निरोप कोणाचा का असेना, माणूस जिवंत आहे ना, ते आधी. नाव नंतर, कारण नंतर. तेव्हापासून आमच्या केंद्राचा माणसांचा प्रत्येक निरोप ‘सुखरूप’ या शब्दाने सुरू व्हायचा, आणि होत नसला तर लोक ओळखून असायचे. मुख्य कार्यालयाने दोनदा विचारलं की हा जादा शब्द कशासाठी. तिने दोन्ही वेळा उत्तर पाठवलं नाही.

जेवण झाल्यावर मी मुलीला फोन लावला. खरं सांगायचं तर फितवायलाच लावला. ती आपल्या बाजूने बोलेल, आईला समजावेल, असा हिशेब. सगळं ऐकून घेतलं तिने.

“आईने नाही केली ना सही?”

“नाही ना. तेच तर सांगतोय, तू तिला जरा—”

“आणि तुम्ही, बाबा?”

मी म्हणालो, आवाज नीट येत नाहीये. आवाज खणखणीत येत होता.

सकाळी साडेपाचला ती नेहमीप्रमाणे ड्यूटीवर गेली. मी अंथरुणातून प्रिंटर ऐकत होतो. सकाळच्या वेळी तो चाळीस पावलांवरूनही ऐकू यायचा. खडखड, थोडं थांबून पुन्हा खडखड. एकोणतीस वर्षं हा आवाज ऐकत मी दाढी केली, चहा प्यायलो, पोरीला शाळेत सोडलं. त्या दिवशी तो मला दाताच्या दुखण्यासारखा लागला. उठलो, तोंड धुतलं, केंद्रात न जाता सायकल काढली आणि थेट विश्रामगृह गाठलं.

साहेब बनियनवर होते आणि गालाला साबण लावलेला होता.

“अरे वा! मिस्त्री! केली ना मॅडमनी?”

“नाही साहेब. माझी जरा दुरुस्ती करायची होती. काल सही करताना तारीख घातली नाही.”

बॅगेतून फॉर्म काढून त्यांनी मला दिला आणि परत आरशाकडे वळले. या वेळी मी स्वतःचं पेन नेलं होतं. ते अडखळत चालतं, बरंच आहे ते. माझ्या सहीखाली मी लिहिलं, ‘यंत्र चालू आहे. चौकीचं उत्तर पाच एकोणसाठला आलं, तेव्हा साहेबांची जीप फाटकाच्या आतच होती. वरची सही मी भीतीने केली.’ त्याखाली तारीख घालून पुन्हा सही केली.

साहेबांनी वाचलं. साबण वाळत चालला होता.

“हे काय आहे?”

“खरं आहे, साहेब.”

“परिणाम कळतायत का तुम्हाला?”

“कळतायत ना. अक्षर बघा की कसं आलंय.”

“नंबरी फॉर्म आहे हा, फाडताही येत नाही. आता मी काय करू याचं?”

“समिती नेमा,” मी म्हणालो. बायकोचंच वाक्य होतं, पण मला ते चांगलं बसलं.

केंद्रात परत आलो तेव्हा साडेआठ झाले होते. ती नोंदवहीवर वाकली होती. मी दारात उभा राहून काय केलं ते एका दमात सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. चष्मा स्वच्छ होता.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “दोन नंबरच्या एरियलची तार वाऱ्याने हलतेय. बघून घ्या.”

मी पाना घेऊन वर चढलो. तार व्यवस्थित होती. तरी मी बराच वेळ वरच थांबलो, कारण खाली उतरलो असतो तर तिच्यासमोर रडलो असतो.

समिती आली दोन महिन्यांनी. हिने आधीच कळवून टाकलं होतं की चाचणी सकाळी सहाला होईल, दुसऱ्या वेळी केल्यास ऑपरेटर सही करणार नाही. असं पत्र ऑपरेटरने समितीला लिहायची पद्धत नाही. पण समितीतले तिघेजण सहाला दहा कमी असताना, कोट घालून, नाकं ओढत आमच्या खोलीत हजर होते. सहा ते सात या तासात प्रिंटरने एकतीस निरोप छापले. पहिली दहा मिनिटं ते तिघे घड्याळं बघत होते. मग त्यांतले वयस्कर सदस्य उठून प्रिंटरपाशी आले आणि प्रत्येक कागद फाडायला स्वतःच हात पुढे करायला लागले, लहान मुलासारखे. “हा पण रेघेवरून?” असं दर वेळी विचारत होते. “हा पण,” ही दर वेळी सांगत होती.

अहवालाच्या वरच्या चौकटीत ‘चालू’ असं लिहिलं गेलं. उपग्रहाची सोय झाल्याने केंद्राची गरज संपली आहे, सबब बंद करावं, हे खाली होतं. तिने ते पूर्ण वाचलं आणि सही केली. मीही केली, माझ्या पेनने.

बदलीचे हुकूम आठवड्यात आले. तिला शहरातल्या भांडारात टाकलं, मुलीच्या घरापासून दोन बस लांब, खुर्च्या-टेबलं मोजायला. मला धरणावरच्या पंपघरात, तिथून एका दिवसाच्या वाटेवर. म्हणजे अडीच वर्षं महिन्यातून एकदा भेट. हुकूम वाचून मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि या अठ्ठावीस वर्षांत आम्ही चाळीस पावलांच्या पलीकडे एकमेकांपासून कधी राहिलो नव्हतो.

“पश्चात्ताप होतोय?” तिने विचारलं.

“होतोय,” मी म्हणालो. “पण त्या सहीचा नाही.”

“मग झालं तर. मी तुम्हाला पत्र लिहीन. पहिल्या शब्दात कळेल सगळं.”

यंत्र उतरवायला ट्रक आला आणि चार माणसं. दुपारी तीनला बंद करायचं असा लेखी हुकूम होता. पावणेतीनला तिने चौकीला शेवटचा निरोप लावला. तीन वाजले. मुख्य माणूस पाना घेऊन पुढे आला.

“थांबा,” ती म्हणाली. “निरोप पाठवलाय. उत्तर येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.”

“बाई, हुकूम तीनचा आहे.”

“मग माझं नाव लिहून घ्या. ऑपरेटरने सहकार्य केलं नाही.”

तो माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे नाही पाहिलं. स्टूल ओढून कपाटाच्या दारासमोर ठेवलं आणि त्यावर बसलो. चौघं बाहेर जाऊन ट्रकच्या सावलीत बसले. टेबलावरचा फोन दोनदा वाजून थांबला. ती प्रिंटरसमोर ताठ बसली होती, हात मांडीवर. तीन एकवीसला प्रिंटर खडखडला. मुकादमाने लिहिलं होतं, ‘सुखरूप. मिळाला. मुलगी आज इथे आहे, नमस्कार सांगते.’

तिने तो कागद फाडला, नोंदवहीत चिकटवला, वेळ लिहिली. मग उठून स्वतःच्या हाताने बटण बंद केलं. खोलीत इतकी वर्षं एक बारीक घूं असा आवाज होता हे तो थांबल्यावर मला कळलं. ती नोंदवही छातीशी धरून बाहेर गेली आणि मागे वळली नाही.

मी बॅटऱ्या सोडवायला बसलो. एकेकीवर मीटर लावून पाहिला आणि आकडा लिहून ठेवला, कोणी सांगितलं नव्हतं तरी. चौघं परत आत आले. त्यांतल्या एकाने पहिल्या बॅटरीला बुटाने हलवून पाहिलं.

“मोडीतल्या ना या? मेलेल्या?”

“भरलेल्या आहेत,” मी म्हणालो. “पाय काढ. दोघांनी धरा, आणि जपून उचला.”